लोरिस: फांदी न हलवता जगणारा प्राणी

लोरिस उडी मारू शकत नाही. जन्मभर झाडावर राहणाऱ्या प्राण्याबद्दल हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण त्याच्या हातापायांची घडण, त्याचं खाणं, पिल्लं वाढवायची त्याची रीत आणि आज त्याच्यावर ओढवलेली संकटं, यांतलं बहुतेक सगळं या एका गोष्टीपासून उलगडत जातं.

हा लेख सडपातळ लोरिसबद्दल आहे. तो फक्त दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत सापडतो. त्याच्या दोन जाती मानतात. तांबडा लोरिस श्रीलंकेबाहेर कुठेच नाही आणि त्याचं वजन जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम. करडा लोरिस दोन्ही देशांत आहे. भारतात त्याच्या दोन उपजाती आढळतात. म्हैसूर लोरिस पूर्वेकडच्या कोरड्या, काटेरी मुलखातला. तो अडीचशे-तीनशे ग्रॅमपर्यंत भरतो. मलबार लोरिस सह्याद्रीच्या ओल्या जंगलातला, रंगानं तांबूस, अंगानं लहान, दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. केरळ आणि कर्नाटकातून वर येत येत हा मलबार लोरिस गोव्याच्या घाटपायथ्यापर्यंत पोचतो. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूलाही त्याची नोंद आहे. तिकडे त्याला वनमाणूस म्हणतात.

माकडं, वानरं आणि माणूस ज्या गणात येतात त्याच नरवानर गणातला हा प्राणी. मात्र माकडांपेक्षा मादागास्करच्या लेमूरशी आणि आफ्रिकेतल्या पोटोशी त्याचं नातं जवळचं. या शाखेची खूण म्हणजे कुत्र्यासारखं ओलसर नाक. वास हे यांच्या जगण्यातलं मोठं साधन आहे. ईशान्य भारतात आढळणारा स्लो लोरिस याचाच भाऊबंद, पण जाडजूड बांध्याचा, मोठा आणि विषारी चाव्याचा. समाजमाध्यमांवर गुदगुल्या केल्यावर हात वर करणारा जो 'गोंडस' प्राणी फिरतो तो स्लो लोरिस. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला ग्रंथी असते. घाबरला की ती तोंडाजवळ यावी म्हणून तो हात वर करतो. म्हणजे आपण ज्याला लाड समजतो ती त्याची भीती असते. आपल्याकडचा सडपातळ लोरिस तसा विषारी नाही.

हात, पाय आणि पकड

लोरिसची लांबी डोक्यापासून बुडापर्यंत १८ ते २६ सेंटिमीटर. शेपूट दिसतच नाही. धावणाऱ्या, झेप घेणाऱ्या प्राण्याला तोल सांभाळायला शेपूट लागते. लोरिसला तिचं काम नाही, कारण चालताना तो फांदी सोडतच नाही. हातपाय काडीसारखे लांब आणि चारही जवळपास सारख्या लांबीचे. उड्या मारणाऱ्या प्राण्यांचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा बरेच लांब आणि दणकट असतात. लोरिसकडे हे स्प्रिंगसारखं यंत्रच नाही.

त्याऐवजी त्याच्याकडे पकड आहे. त्याचा अंगठा बाकीच्या बोटांच्या जवळजवळ समोरासमोर येतो आणि तर्जनी आखूड झालेली असते. त्यामुळे पंजा रुंद उघडतो आणि फांदीवर दोन्ही बाजूंनी घट्ट बसतो. मनगट आणि खुबा इतके मोकळे फिरतात की मागच्या दोन पायांनी फांदी धरून तो अंग पूर्ण आडवं ताणतो, समोरची डहाळी पुढच्या हातांनी धरतो आणि मगच मागचे पाय सोडतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायची त्याची पद्धत हीच. दोन फांद्यांमधलं अंतर त्याच्या ताणलेल्या अंगापेक्षा जास्त असेल तर तो रस्ता त्याच्यापुरता बंद.

तासन्‌तास मूठ आवळून ठेवली तर आपले हात भरून येतात. लोरिसला हा त्रास होत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या रक्तवाहिन्यांच्या रचनेत असावं असं मानतात. त्याच्या हातापायांत शिरणारी मुख्य धमनी सरळ एक नळी म्हणून जात नाही. ती पुष्कळ बारीक समांतर वाहिन्यांच्या जुडीत फुटते. या जाळीमुळे स्नायू आवळलेला असतानाही रक्तपुरवठा चालू राहतो आणि पकड थकत नाही. दिवसभर झोपेतही तो फांदी धरून बसतो ते यामुळेच.

चाल हळू असते, पण सुस्त म्हणावी अशी नाही. गरज पडली तर तो बऱ्यापैकी भरभर चालतो. हळूपणाचा खरा फायदा असा की फांदी हलत नाही. पानं सळसळत नाहीत. घुबडाला किंवा उदमांजराला चाहूल लागत नाही आणि टोकावर बसलेल्या किड्यालाही. एखादी शंका आली की लोरिस जागच्या जागी गोठतो आणि बराच वेळ तसाच राहतो.

इतरांनी टाकलेलं ताट

रात्री झाडावर फिरणारे बरेच प्राणी फळं, पानं, मध, डिंक असं मिळेल ते खातात. सडपातळ लोरिस मात्र जवळजवळ पूर्णपणे शिकारी आहे. तामिळनाडूत दिंडिगुलजवळच्या अय्यलूर इथे म्हैसूर लोरिसचा दीर्घ अभ्यास झाला. त्यात त्याच्या खाण्यातला ९० टक्क्यांहून जास्त वाटा किड्यांचा आणि इतर लहान प्राण्यांचा निघाला. थोडाफार डिंक तो चाटतो. श्रीलंकेत पाली-सरडेही पकडतो.

तो खातो कोणते किडे, हे जास्त महत्त्वाचं. मुंग्या, वाळवी, घाण वासाचे ढेकण्यासारखे किडे, उग्र द्रव सोडणारे भुंगेरे. पक्षी आणि वटवाघळं ज्यांच्याकडे पाठ फिरवतात असे बरेच किडे लोरिसच्या ताटात असतात. ते चावतात, चुरचुरतात, काही विषारीही असतात. त्यांच्यासाठी स्पर्धा कमी, आणि ते फारसे पळतही नाहीत. हळू चालणाऱ्या शिकाऱ्याला असंच भक्ष्य परवडतं. लोरिसच्या शरीराचा ऊर्जेचा खर्चही त्याच्या आकाराच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा कमी असतो, त्यामुळे अशा खाण्यावर भागतं.

त्रास मात्र होतो. असा किडा तोंडात घेतल्यावर त्याची लाळ गळते, शिंका येतात, डोळे मिटले जातात. तो हातापायांना स्वतःची लघवीही चोळतो. याची एकाहून जास्त कारणं सांगितली जातात. एक तर वासाची खूण मागे ठेवणं, दुसरं पंजा ओलसर राहून पकड चांगली बसणं, आणि तिसरं म्हणजे किड्यांच्या चाव्यानं, स्रावानं होणारी आग शमवणं. पाळीव म्हणून आणलेल्या लोरिसला घरचे लोक या सवयीसाठी धुऊन काढतात. त्यात जनावराचे हाल होण्यापलीकडे काहीच साधत नाही.

शिकार कशी होते ते पाहण्यासारखं आहे. किडा बहुधा बारीक डहाळीच्या टोकाशी असतो. लोरिस हळूहळू जवळ येतो, मागचे पाय घट्ट रोवतो आणि शेवटच्या क्षणी मात्र अंग झटकन पुढे टाकून किडा हातात पकडतो. तोंडानं पकडत नाही. डोकं आधी चावून टाकतो. झटक्यानं किडा हाती लागायचा तर अंतर अचूक कळायला हवं, आणि त्यासाठी दोन्ही डोळे समोर हवेत. लोरिसचे डोळे तसेच आहेत, चेहऱ्याच्या मानानं अवाढव्य आणि एकमेकांच्या अगदी जवळ.

इथे एका मोठ्या प्रश्नाशी गाठ पडते. माणसासकट सगळ्या नरवानरांचे डोळे समोर का वळले? अमेरिकी शास्त्रज्ञ मॅट कार्टमिल यांनी १९७०च्या दशकात मांडलं की आपले अतिप्राचीन पूर्वज बारीक फांद्यांत रात्री डोळ्यांनी किडे शोधून हातानं पकडत असावेत, आणि पकडीचे हात व समोरचे डोळे हा त्या शिकारीचा वारसा. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक फुलं-फळं शोधण्याला जास्त महत्त्व देतात. वाद मिटलेला नाही. पण कार्टमिल यांनी वर्णिलेली शिकार आजही जिवंत पाहायची असेल तर लोरिससारखं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल, म्हणूनच जगभरातले मानववंशशास्त्रज्ञ दिंडिगुलच्या काटेरी रानात रात्री जागवतात.

झोप, कुटुंब आणि 'ठेवलेलं' पिल्लू

सडपातळ लोरिस सहसा ढोलीत झोपत नाही. दाट काटेरी झुडूप, बाभळीचा गुंता, बांबूचं बेट, वेलींचं जाळं अशा ठिकाणी तो फांदीवर बसतो, डोकं मांड्यांमध्ये घालतो आणि लोकरीचा गोळा होऊन झोपतो. काटे हेच त्याचं दार आणि कुलूप. बऱ्याचदा एक मादी, तिची लहानमोठी पिल्लं आणि एक-दोन नर असे एकत्र झोपतात. सातजणांपर्यंतचे गट पाहिले गेले आहेत.

अंधार पडला की अंग साफ करणं सुरू होतं. खालच्या जबड्यातले पुढचे सहा दात आडवे, पुढे झुकलेले आणि एकमेकांना चिकटून असतात. त्यांची फणी होते. ती केसांतून फिरवून तो स्वतःला आणि शेजाऱ्याला विंचरतो. जिभेखाली आणखी एक कडक पातळ पडदा असतो, तो या फणीत अडकलेले केस काढतो. पायाच्या दुसऱ्या बोटाला बाकीच्या बोटांसारखं सपाट नख नसून टोकदार नखी असते. दात पोचत नाहीत तिथे, म्हणजे कानामागे आणि मानेवर, ती चालते. मग मंडळी पांगतात आणि प्रत्येक जण आपापली शिकार शोधतो. अधूनमधून शिट्टीसारखी तीव्र हाक घालतात. पहाटे पुन्हा एकत्र यायला हीच हाक उपयोगी पडते.

अय्यलूरच्या अभ्यासात मादीचा वावर साधारण दीड हेक्टरात आणि नराचा साडेतीन हेक्टरांच्या आसपास आढळला. साडेतीन हेक्टर म्हणजे पावणेनऊ एकर. एखाद्या बऱ्यापैकी बागायतदाराच्या जमिनीएवढं हे त्याचं सगळं जग. त्यातली प्रत्येक फांदी, प्रत्येक जोड त्याला पाठ असतो.

मादी साडेपाच महिने गाभण राहते. एवढ्याशा जिवाला हा काळ फार मोठा आहे. घरातल्या उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. लोरिसला एक किंवा दोन पिल्लं होतात, जुळी बरीच सर्रास. पिल्लाचं वजन दहा-बारा ग्रॅम. पहिले काही आठवडे ते आईच्या पोटाला चिकटून असतं. साधारण महिन्याचं झालं की संध्याकाळी आई त्याला एखाद्या दाट फांदीवर बसवते आणि शिकारीला निघून जाते. पिल्लू रात्रभर तिथेच फांदी धरून राहतं. गटातले नर अधूनमधून येऊन त्याच्याशी खेळतात, त्याला विंचरतात. पहाटे आई परत येऊन घेऊन जाते.

हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण इथेच चांगल्या मनाची माणसं घोटाळा करतात. रात्री फांदीवर एकटं बसलेलं पिल्लू दिसलं म्हणजे ते अनाथ नसतं. ते ठेवलेलं असतं. त्याला उचलून घरी आणलं की ते खरोखरच अनाथ होतं, आणि दहा-वीस ग्रॅमचं पिल्लू माणसाच्या हाती सहसा वाचत नाही.

जोड तुटतो तिथे

आता सुरुवातीच्या मुद्द्याचा दुसरा भाग. उडी नाही म्हटल्यावर सलग झाडी हवी. मोठं घनदाट जंगलच हवं असं नाही. म्हैसूर लोरिस शेताच्या बांधावरच्या निवडुंगात, चिंचेच्या रांगेत, बाभूळबनात राहतो. बेंगळुरूच्या मध्यात भारतीय विज्ञान संस्थेच्या जुन्या आवारातही तो टिकून आहे. सगळीकडे अट एकच, फांदीला फांदी लागलेली हवी आणि खाली झुडपांचा थर हवा.

हा जोड तुटण्याची कारणं अगदी साधी असतात. आवार 'स्वच्छ' करायचं म्हणून झुडपं आणि वेली काढल्या जातात. बांधावरचं काटेरी कुंपण उपटून तारेचं कुंपण येतं. रस्त्यावर आलेल्या फांद्या पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंनी छाटल्या जातात आणि डोक्यावरची कमान नाहीशी होते. एवढं झालं की लोरिसपुढे दोनच वाटा उरतात. एक जमिनीवरून. तिथे तो अवघडत, चारी पाय फाकवून चालतो आणि गाडीचा दिवा डोळ्यांवर पडला की सवयीनं गोठतो. ज्या सवयीनं घुबडापासून वाचवलं तीच रस्त्यावर जीव घेते. दुसरी वाट विजेच्या तारेवरून. तार त्याला बारीक फांदीच वाटते. एक तार धरून तो अंग ताणतो, दुसरी तार धरतो आणि विजेचा झटका बसतो.

याखेरीज माणसाची अंधश्रद्धा आहे. मोठे डोळे आणि माणसासारखे हात या दोन गोष्टींपायी जादूटोण्यासाठी, डोळ्यांच्या 'औषधा'साठी लोरिस पकडले गेले, त्यांना डाग दिले गेले, डोळे काढले गेले. या औषधाला कसलाही आधार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार लोरिस पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्याला पकडणं, पाळणं, विकणं यासाठी तीन ते सात वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

तामिळनाडू सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये करूर आणि दिंडिगुल जिल्ह्यांतलं ११,८०६ हेक्टर क्षेत्र कडवूर लोरिस अभयारण्य म्हणून जाहीर केलं. लोरिससाठीचं हे देशातलं पहिलं अभयारण्य. खडकाळ, खुरट्या, काटेरी रानाला असा मान क्वचितच मिळतो, आणि तो मिळायलाच हवा होता. अशा रानाला आपण पडीक म्हणतो आणि तिथे सरळ रांगेत रोपं लावून मोकळे होतो. लोरिसच्या दृष्टीनं ती एकेकटी उभी रोपं बिनकामाची.

ज्यांच्या हाती आवार, बाग किंवा बांध आहे त्यांनी छाटणी टप्प्याटप्प्यानं करावी, दोन झाडांच्या फांद्या भिडतात त्या किमान एका बाजूच्या राखाव्यात, खोडाभोवतीच्या वेली आणि बांधावरचं काटवन ठेवावं. जिथे कमान आधीच तुटली आहे तिथे जाड दोर किंवा बांबू दोन्हीकडच्या फांद्यांना नीट बांधून जोड देता येतो. तो सैल झुलता कामा नये आणि त्याची टोकं खोडाला न बांधता पानांच्या दाटीत पोचली पाहिजेत. वरून जाणाऱ्या वीजतारांपासून तो दूर असावा. हे काम वनखात्याला आणि वीज कंपनीला सांगूनच करायचं.

बघायचा असेल तर

वनखात्याची परवानगी आणि माहीतगार सोबती घेऊन, अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार तासांत जावं. डोक्याला बांधायचा दिवा वापरावा. हातातल्या बॅटरीपेक्षा तो बरा, कारण डोळ्यातून परतणारा प्रकाश उजेड आला त्याच दिशेनं मागे जातो. दिवा आपल्या डोळ्यांच्या रेषेत असेल तरच ती चमक दिसते. दिव्यावर लाल जिलेटिन कागद लावावा. लाल उजेडाचा त्यांना त्रास कमी होतो. तासाला एक किलोमीटरपेक्षा वेगानं चालू नये. बहुतेकांना लोरिस दिसत नाही तो या घाईपायी.

लोरिसची चमक नारिंगी-लाल, दोन ठिपके अगदी जवळ-जवळ, आणि हलले तरी सावकाश सरकणारे. ते बऱ्याचदा आपल्याकडे रोखून पाहतात. रातव्याचा डोळाही लाल चमकतो, पण तो बहुधा जमिनीवर असतो आणि एकच दिसतो. कोळ्यांचे डोळे गवतात बारीक पांढरट-हिरवट लुकलुकतात. उदमांजराची चमक पिवळट आणि ते पाहता पाहता फांदी बदलतं. दिसल्यावर उजेड थेट रोखून न ठेवता बाजूला सरकवावा आणि दोन-तीन मिनिटांत पुढे निघावं. पांढऱ्या फ्लॅशचा फोटो काढू नये.

रस्त्यावर, घरात किंवा तारेजवळ सापडला तर

आधी वनखात्याला कळवावं. महाराष्ट्रात १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक आहे. तारेवर असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय कुणीही हात लावू नये. ते येईपर्यंत गर्दी हटवावी, कुत्री बांधावीत, दिवे मंद करावेत.

हलवणं भागच असेल तर एक चूक सगळेच करतात. कमरेला धरून ओढतात. लोरिस पकड सोडत नाही, आणखी आवळतो, आणि ओढण्यात बोटं निखळतात. त्याऐवजी त्याच्यासमोर एक सुकी काठी धरावी. तो बहुधा आपणहून तिच्यावर येतो. फांदीवरच अडून बसला असेल तर फांदी कापून फांदीसकट उचलावा. हातात जाड मोजे किंवा जाड टॉवेल हवा, कारण दात लहान असले तरी चावा खोल जातो.

ठेवायला भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका पुरतो. आत आडवी काठी घट्ट बसवावी, म्हणजे त्याला धरायला काहीतरी मिळतं आणि तो शांत होतो. पिंजरा नको, जाळीत बोटं आणि नखं अडकतात. वरून कापड टाकून खोका अंधाऱ्या, शांत जागी ठेवावा. दूध, केळं, बिस्किट काही देऊ नये. एका दिवसाच्या उपाशीपणानं तो मरत नाही, दुधानं मात्र पोट बिघडतं. जखम नसेल तर त्याच संध्याकाळी, जिथे सापडला त्याच झाडीत सोडणं योग्य. 'चांगल्या जंगलात' लांब नेऊन सोडलेल्या लोरिसला तिथला एकही जोड ठाऊक नसतो आणि तिथे आधीच दुसऱ्याचा वावर असतो. सोडताना खोका फांदीला टेकवून उघडा ठेवावा, दिवे मालवावेत आणि बाजूला व्हावं. बाहेर यायला त्याला अर्धा तासही लागू शकतो. तेवढ्यात खोका हलवून त्याला बाहेर काढायचा प्रयत्न करू नये.